‘बहिणीचं नाव कमी कसं करायचं?’ हाच तुमचा पुढचा विषय

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गावाकडे लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी जमिनीच्या कायद्यांवर सदर लिहितो. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, वाटप, तुकडेबंदी, कूळकायदा असं सगळं लिहून झालं. आता संपादकांचा फोन आला की पोटात गोळा येतो, कारण विषयच उरलेला नाही. शेवटी ‘वाचकांनी विषय सुचवावेत’ अशी चौकट टाकून पाहिली. एक चिठ्ठीसुद्धा आली नाही. संपादक म्हणतात, वाचकांशी संवाद वाढवा. म्हणजे मी नेमकं काय करू? की सदर बंद करू? सोबत कात्रणं जोडली आहेत.

– एक निवृत्त भाऊसाहेब

नमस्कार भाऊसाहेब,

सदर बंद करू नका. कात्रणं सगळी वाचली. लिखाणात कुठे घाई नाही, कुठे ऐकीव माहिती नाही. अडचण मथळ्यापासून सुरू होते. एका लेखाचं नाव आहे ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 : कलम 149 व 150 चे विवेचन’. ज्याला ही कलमं ठाऊक आहेत त्याला हा लेख नको आहे. ज्याला तो हवा आहे, त्याला पत्ताच लागणार नाही की हे आपल्यासाठी लिहिलंय. खरेदीखत होऊन वर्ष झालं, नाव अजून सातबाऱ्यावर चढलं नाही म्हणून खेटे घालणारा माणूस हे पान उलटून बाजारभाव बघतो.

तुम्ही विषय कायद्याच्या अनुक्रमणिकेतून काढलेत आणि अनुक्रमणिका संपली. तहसीलच्या आवारातली गर्दी काही कमी झालेली नाही. तेव्हा तुमचा साठा संपला असं मी मानत नाही. तो कुठे आहे तिकडे तुमचं अजून जाणं झालेलं नाही, एवढंच.

आधी त्या चौकटीचं बघू, कारण तिनेच तुम्हाला नाउमेद केलंय. ‘वाचकांनी विषय सुचवावेत’ म्हटल्यावर चिठ्ठ्या येत नसतात. मी जिल्हा दैनिकाच्या पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांचं पान सांभाळायचे, तेव्हाही येत नसत. विषय सुचवणं हे लिहिणाऱ्याचं काम. शेतकऱ्याकडे विषय नसतो, त्याच्याकडे अडलेलं काम असतं. आपलं अडलेलं काम हा ‘विषय’ आहे असं त्याला वाटतही नाही. शिवाय तालुका लहान. भाऊबंदकीची गोष्ट नावानिशी लिहून साप्ताहिकाकडे कोण धाडेल? चुलत्याच्या घरीही तोच अंक जातो.

प्रश्न विचारायचाच असेल तर बारीक विचारा. इतका बारीक, की उत्तर आधी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच यावं. ‘सातबाऱ्यावर तुमचं किंवा वडिलांचं नाव चुकीचं छापलंय का? दुरुस्तीला गेलात तर कुठे अडलं?’ यावर लोक बोलतात. नुसती एक वेलांटी चुकल्यामुळे अनुदान अडकलेला माणूस तुम्हाला अख्खी कहाणी सांगेल. त्याला चूकदुरुस्तीचं कलम 155 ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं ते हे की संगणकात नाव चढवताना ‘दत्तात्रय’चं ‘दत्ताराम’ झालं आणि आता आधार कार्डाशी जुळत नाही. तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य तिथे आहे.

पण चौकट छापून वाट बघत बसणं हा दुय्यम मार्ग झाला. तुम्ही जायला हवं, आणि कुठे जायचं हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तलाठी कार्यालयात जा, पण आत खुर्चीत बसू नका. नवा ग्राम महसूल अधिकारी (तलाठ्याचं आताचं पदनाम) तुम्हाला मान देऊन चहा मागवील आणि तिथेच संवाद संपेल. बाहेरच्या बाकावर बसा. तहसीलजवळचा झेरॉक्सवाला हा तालुक्यातला सगळ्यात जाणकार माणूस. या महिन्यात लोक कशाच्या प्रती काढताहेत, हे त्याला मशीनशी उभ्या-उभ्या कळतं. मृत्यूचे दाखले जास्त आले की वारस नोंदी चालू आहेत, जुने हस्तलिखित उतारे यायला लागले की कुठेतरी भूसंपादनाची कुणकुण आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा दस्तलेखक रोज दहा जणांना तीच एक गोष्ट समजावतो. ती कोणती, एवढं त्याला विचारा. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर बाजाराच्या दिवशी बसा. आणि हो, दहाव्याला जाताच आहात तर कान उघडे ठेवा. पिंडाला कावळा शिवायच्या आत ‘आता नाव कुणाकुणाचं लागणार?’ ही कुजबुज सुरू झालेली असते.

तुम्हाला एक अडचण येणार आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. आयुष्यभर तुम्ही समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर दिलं आहे. सरकारी टेबलावर ते योग्यच होतं, मागे रांग असते. आता रांग नाही. माणूस बोलायला लागला की लगेच ‘त्याला कलम अमुक लागतं’ म्हणू नका. कलम कानावर पडलं की तो गप्प बसतो, ‘बरोबर आहे साहेब’ म्हणतो आणि उठून जातो. तुमच्या हातात जे पडायला हवं होतं ते त्याच्या पोटातच राहतं.

एक वही करा. प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, शुद्ध करू नका. तो ‘नाव कमी करायचं’ म्हणाला तर वहीत ‘हक्कसोड’ लिहू नका. शेजारी लिहा, हातात कोणता कागद होता, याआधी कुणाकुणाकडे जाऊन आला आणि तिथे त्याला काय सांगितलं. नाव-गाव लिहू नका. ही वही उद्या कुणाच्या हाती पडली तरी चालली पाहिजे.

आता तुमच्याच कात्रणातलं एक उदाहरण घेते. ‘हक्कसोडपत्र : स्वरूप व नोंदणी’ हा, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडून देण्याच्या दस्तावरचा, लेख तुम्ही लिहिला आहे. निर्दोष आहे. मात्र तहसीलच्या आवारात हक्कसोडपत्राबद्दल कुणी विचारत नाही. पिशवीतून घडी घातलेला उतारा काढून माणूस विचारतो, ‘बहिणीचं नाव कमी कसं करायचं?’

हा प्रश्न ऐकून आपल्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडते. बहिणीचा हिस्सा गिळायला निघालाय, असं वाटतं. काही जण तसे असतातही. पण उत्तर न देता दोन प्रश्न विचारून बघा. बहीण कुठे असते? आणि आत्ताच का? मग पुष्कळदा निघतं ते असं : वडील गेले, वारस म्हणून आई, दोन भाऊ आणि तीन बहिणींची नावं लागली. पीककर्जाला गेला तर सोसायटीने सगळ्या खातेदारांच्या संमतीच्या सह्या मागितल्या. एक बहीण सुरतेला, एक हैदराबादला, तिसरीच्या नवऱ्याशी बोलणं नाही. कुणीतरी सांगितलं, बहिणींची नावं कमी करून टाका, कटकट जाईल. याला कर्ज हवंय. नाव कमी करणं हा त्याला दुसऱ्याने सुचवलेला उपाय आहे, आणि तो त्याने प्रश्न म्हणून तुमच्यापुढे ठेवला आहे.

हे एकदा हाताशी आलं की किती विषय सुटे होतात बघा. बहिणींची नावं राहू देऊन कर्ज, विमा, अनुदान यांची कामं कशी करता येतात, संमतीपत्र कुठे चालतं आणि कुलमुखत्यारपत्र कुठे लागतं, हा पहिला लेख. सगळ्यांची संमती असेल तर कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करून आपापला हिस्सा वेगळा कसा करून घ्यायचा, हा दुसरा. यावर तुम्ही पूर्वी लिहिलंय, पण ‘वाटप’ या मथळ्याखाली. कर्जासाठी धावणाऱ्याने ते वाचलेलं नाही.

तिसरा लेख बहिणीसाठी, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बाईपुढे ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवला जातो. तिला सांगतात, ‘नुसती सही आहे.’ हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नुसत्या स्टॅम्पवरच्या प्रतिज्ञापत्राने हक्क सुटत नाही. ते एकदा रीतसर नोंदवलं गेलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. कुणाच्या नावे हक्क सोडतोय, सगळ्या गटांतला की एकाच गटातला, हे सही करण्याआधी वाचायचं असतं. तिने हिस्सा सोडावा की ठेवावा हे तुम्ही सांगू नका, तो तिचा प्रश्न. सोडायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून सोड, एवढं सांगायचा अधिकार तुम्हाला आहे. हा लेख दिवाळीच्या आधीच्या अंकात यायला हवा, नंतरच्या नाही.

चौथा, वडील 2005 च्या आधी वारले म्हणून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही, हे गावोगाव अजून ठासून सांगितलं जातं. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटपं मात्र त्यातून सुटतात. ती ‘रीतसर’ म्हणजे कोणती, यावरच बाकावर तासभर वाद चालेल. तो ऐका.

आणि ज्या माणसाला खरंच बहिणीला न विचारता नाव उडवायचं असतं, त्याचं काय? त्यालाही उत्तर द्या, मात्र त्याने मागितलेलं नाही. अशी नोंद झाली तरी ती कशी टिकत नाही, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा कसा नाही, नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच, हे लिहा. वाचकाने विचारलं म्हणून वाटेल ते पुरवायचं, याला मी संवाद म्हणत नाही. तुम्ही टेबलापलीकडे बसत होता तेव्हाही काही अर्ज निकाली काढताना हात आखडता घेतलाच असेल ना?

दुसरं एक उदाहरण थोडक्यात. ‘शेताला रस्ता नाही’ हे वाक्य तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल. त्यावर एकच प्रश्न विचारायचा, ‘आधी होता का?’ होता आणि शेजाऱ्याने नांगरला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आणि त्यातली सहा महिन्यांची मुदत. मुळातच नव्हता, तर महसूल संहितेचं कलम 143, बांधावरून नवा रस्ता. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, म्हणून लोक ते एकच समजतात, चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात आणि दोन पावसाळे चिखल तुडवतात. सहा महिने उलटून गेल्यावर तुमच्याकडे आलेल्यांची संख्या वहीत वाढायला लागली तर मथळा आपोआप सुचेल : ‘रस्ता आज अडवला? कॅलेंडरवर खूण करा.’

किती जणांनी विचारलं म्हणजे लेख करायचा, याचा काही सरकारी नियम नाही. मी इतकंच बघते की वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तेच विचारलंय का. एकाच वाडीतले चार जण विचारत असतील तर तो एकच वाद असतो, चार बाजूंनी आलेला. त्यावर लिहिलंत तर तुम्ही पक्षकार व्हाल. उलट, एखादा प्रश्न एकट्यानेच विचारला, पण तो ऐकून तुम्हालाच संहिता उघडावी लागली, तर तो सोडू नका. तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला जे चटकन सांगता येत नाही, ते वाचायला वकीलसुद्धा अंक विकत घेतील.

काही प्रश्न लेखाएवढे नसतात. ‘आमचं एक एकर होतं, उताऱ्यावर 0.40 कसं झालं?’ हा तसला. उत्तर तीन ओळींचं : आकडा हेक्टर-आर मध्ये आहे, 100 आरचा एक हेक्टर, आणि एक एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजे जेमतेम साडेचाळीस आर. जमीन कुठेही गेलेली नाही. पण हा आकडा बघून रात्रभर न झोपलेली म्हातारी माणसं आहेत, भाऊसाहेब. सदराच्या तळाशी अशा एका प्रश्नाला कायमची जागा ठेवा. तोच तुकडा लोक कापून पाकिटात ठेवतील. आणि त्यात पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या तुकड्याचं, आलं की पुढच्या आठवड्याचा प्रश्न घरपोच येईल, कारण लागवडीयोग्य क्षेत्र आणि एकूण क्षेत्र यांत लोकांची हमखास गल्लत होते.

तुमच्या बाकावर आणि झेरॉक्सच्या दुकानात एक अर्धा तालुका दिसणार नाही, तो म्हणजे बायका. त्या तहसीलला येतात त्या कुणाच्या तरी मागे उभ्या राहून. त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीला जा. आधी गटाच्या अध्यक्षबाईंना विचारा, त्यांनी बोलावलं तरच जा, आणि भाषण करू नका. माझ्या पानाकडे बायकांची पत्रं जवळजवळ येतच नसत. मग एका सहकारी बाईंनी गटांच्या बैठकांना बसायला सुरुवात केली आणि प्रश्नांचा सूरच पालटला. पुरुष विचारायचे, नाव कसं लावायचं, कसं काढायचं. बायका विचारायच्या, ‘नवरा गेला, दीर म्हणतो उताऱ्यावर तुझं नाव लावायची गरज नाही, पोराचं लावलंय. खरं का?’ तिला कुणी सांगितलेलंच नसतं की हिंदू वारसा कायद्यात नवऱ्याच्या हिश्श्यावर मुलांबरोबर तिचाही तेवढाच हक्क आहे. आणि गंमत अशी, की त्याच बैठकीत तिची सासूही बसलेली असते. मुलाच्या मागे आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते, हे ना सुनेला माहीत, ना सासूला. त्या दोघींना एकाच लेखात धरा. घरात आठवडाभर चर्चा होईल.

प्रश्नांना ऋतूही असतो. पावसाळा सुरू होऊन पेरण्या आटोपल्या की ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, मग ‘ॲपमध्ये माझा गटच दिसत नाही’, ‘फोटो निघतो पण जात नाही’. 2021 पासून दरवर्षी तेच गाऱ्हाणं असतं, आणि दरवर्षी नवा शेतकरी ते पहिल्यांदा करतो. कर्जवाटपाच्या आधी बोजा (उताऱ्यावरची कर्जाची नोंद) आणि संमती. उन्हाळ्यात शेत मोकळं झालं की मोजणी आणि बांध, तेव्हा आधी हे सांगायचं की मोजणी तलाठी करत नाही, भूमी अभिलेखकडे अर्ज करायचा. दिवाळीला बहिणी. वहीत प्रश्नाशेजारी महिना टाकत गेलात तर पुढच्या वर्षी संपादकांच्या फोनची भीती वाटायचं कारण नाही. आणि गेल्या वर्षीचाच विषय पुन्हा घ्यायला लाजू नका. ज्याचे वडील यंदा वारले, त्याने गेल्या वर्षीचा लेख वाचलेला नसतो.

आता छापून आल्यावरचं. तुम्ही लेख पाठवता आणि पुढच्याच्या चिंतेला लागता. त्याऐवजी अंक घेऊन ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्याकडे जा. त्याला वाचायला द्या आणि गप्प बसा. वाचून झाल्यावर तो म्हणेल, ‘बरोबर आहे, पण...’ माझ्या पानाचं निम्मं पोट या ‘पण’वर भरायचं. समजा, तुम्ही लिहिलंत की फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरच्या बदलाची, नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. तो म्हणेल, ‘पण मला नोटीस आलीच नाही आणि कागदावर सही माझीच आहे.’ झालं. नोटिशीची प्रत कशी मागायची, पोच कुणाच्या सहीची आहे हे कसं बघायचं, नोंद प्रमाणित होऊन गेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील कसं आणि किती दिवसांत, उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज. हे तुम्हाला अनुक्रमणिकेतून सुचलं नसतं, कारण कायद्यात नोटीस नेहमी पोचलेलीच असते.

इथे तुम्हाला जरा अवघड जाणार आहे. अशा तक्रारी तुमच्याच जुन्या खात्याबद्दल असतील, कधी ओळखीच्या माणसाबद्दल. तुम्ही न्यायाधीश नाही, तेव्हा अमुक तलाठी सज्ज्यात अमुक घडलं असं छापू नका. असं घडल्यावर नागरिकाने काय करायचं, तेवढं छापा. पण खात्याची बाजू सावरत बसलात तर लोक चार आठवड्यांत ओळखतील आणि बाकावर तुमच्या शेजारची जागा रिकामी राहील.

नावं लपवण्याचं शास्त्र थोडं शिकून घ्या. नुसतं नाव बदलून तालुक्यात काही लपत नाही. ‘नदीकाठच्या गावातले तीन भाऊ, थोरला एसटीत’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. नातं बदला : भावाचा चुलता करा, तीनाचे दोन करा, नदीकाठ काढून टाका, क्षेत्र बदला. ज्या तपशिलावर कायद्याचं उत्तर अवलंबून आहे तेवढाच खरा ठेवा, म्हणजे वाटप 20 डिसेंबर 2004 च्या आधीचं की नंतरचं, दस्त नोंदणीकृत की नाही. आणि ज्याचं प्रकरण कुठेतरी सुनावणीला आहे त्यावर लिहूच नका, त्याने कितीही गळ घातली तरी.

खासगी म्हणून लोक जे दबक्या आवाजात विचारतात, तेच खरं तर सगळ्यांना हवं असतं. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 एवढी वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या नाजूक प्रश्नांना छापील उत्तरं असत. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटलाही झाला आणि कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. तुमच्यावर बहिणीच्या हिश्श्यावरून खटला होणार नाही. फार तर एखादा पुढारी संपादकांना फोन करील. तेवढी तयारी संपादकांची आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

‘माझं काम करून द्या’ म्हणणारे येतील, भरपूर येतील. तुमची अजून ओळख आहे, हे लोकांना ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी वाट दाखवतो, फायली हलवत नाही. एकाची हलवलीत की दुसऱ्या दिवसापासून प्रश्न येणं थांबेल आणि फक्त फायली येतील. स्वतःचा मोबाईल नंबरही छापू नका, घरचे वैतागतील. बाजाराच्या दिवशी साप्ताहिकाच्या कचेरीत दोन तास बसा, आणि झेरॉक्सवाल्याच्या दुकानात एक वही दोरीला पेन बांधून ठेवा. लोक लिहितील, किंवा त्याला सांगतील आणि तो लिहील. त्याला दर आठवड्याला अंक फुकट द्या, खूश राहील.

सदराचं नाव ‘जमीन आणि कायदा’ आहे ते राहू द्या, संपादकांना ते भारदस्त वाटत असणार. मथळे मात्र वहीतून उचला, प्रश्नचिन्हासकट. आणि ती जुनी चौकट काढून येत्या अंकात ही टाका. हवी तर तुमच्या बोलीत फिरवून घ्या :

‘वडील वारल्यानंतर उताऱ्यावर नावं लागली का? सगळ्या भावा-बहिणींची लागली का? नसतील, तर कोणत्या कागदापाशी काम अडलं? नाव सांगू नका, गाव सांगू नका, फक्त कुठे अडलं ते सांगा. सोमवारी बाजाराच्या दिवशी 11 ते 1 आमच्या कचेरीत या, उतारा बरोबर आणा. येता येत नसेल तर तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या वहीत दोन ओळी लिहा. एकेक प्रश्न घेऊन पुढच्या अंकांत उत्तर देऊ.’

सोमवारच्या जागी तुमचा बाजाराचा वार घाला. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही तरी चौकट काढू नका, तशीच ठेवा.